ओठातले साबुदाणे

तासगावकडच्या त्या काकू माझ्या सांगलीच्या दवाखान्यात आल्या होत्या किडक्या दातांसाठी. तोंडात आरसा घातला, तर तो गालाला आतून चिकटला; हळूच सोडवावा लागला. जीभ भेगाळलेली, दात हिरड्यांलगत किडलेले. हातात पाण्याची बाटली.

"मॅडम, पाण्याच्या घोटाबिगर भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत न्हाई बघा. चार वरसं झाली."

काकू बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायच्या. डोळ्यांत वाळू गेल्यागत खुपायचं, म्हणून सगळ्यांनी गंधकाच्या धुरीला दोष दिला. काम सोडून वर्ष झालं तरी कोरड हटेना. मग 'पाळी जायचं वय', मग 'मनाचे खेळ'. भाऊ गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही आणि भावकीत त्यावरून बोललं गेलं, हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं. ते ऐकल्यावर दात राहिले बाजूला.

साखर ठीक होती, कोरड आणणारी कुठली गोळी चालू नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवली. 5 मिनिटांत ओल चढली जेमतेम 3 मिलिमीटर. संशय शोग्रेन सिंड्रोमचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठते. बायकांमध्ये हा फार जास्त. या आजाराच्या 2016 च्या निकषांत किमान 4 गुण लागतात: रक्तातल्या अँटी-रो अँटीबॉडीचे (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार होणारं प्रथिन) 3, ओठातल्या बारीक लाळग्रंथींच्या बायोप्सीचे 3, पट्टीचा 1. काकूंची अँटी-रो निगेटिव्ह आली. म्हणजे पदरात एकच गुण. राहिला ओठ.

"ओठ कापणार?" काकू दचकल्या. बाहेरून काही दिसणार नाही, हे त्यांचाच ओठ आरशात उलटून दाखवलं, तेव्हा तयार झाल्या.

खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, मधल्या रेषेपासून जरा हटून भूल दिली आणि सेंटीमीटरभर छेद घेतला. कडा बाजूला सारल्या की ग्रंथी आपणहून वर येतात, थेट भिजवलेले साबुदाणे. त्यांच्यामधूनच नसेचे बारीक फाटे जातात. एखादा दुखावला तर ओठाचा तेवढा भाग बधिर राहतो. म्हणून बोथट टोकाने एकेक दाणा सोडवायचा. पूर्वी एकदा मी दोनच दाणे पाठवले होते. तपासायला ग्रंथी पुरली नाही आणि त्या बाईंना दुसऱ्यांदा टाके पडले. ते मला अजून बोचतं. काकूंचे सहा घेतले, फॉर्मॅलिनमध्ये टाकले.

पॅथॉलॉजिस्टनी मिरजेला बोलावून घेतलं. मायक्रोस्कोपखाली फिकट ग्रंथींच्या मधोमध, नळीला वेढून, जांभळ्या ठिपक्यांची दाटी. हे ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. 50 किंवा जास्त लिम्फोसाइट एकत्र असले की एक फोकस, आणि 4 चौरस मिलिमीटरमध्ये असा निदान एक तरी हवा. काकूंचा स्कोअर 2 होता. तीन अधिक एक, चार.

रिपोर्ट समजावून सांगितला. संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायचं, डोळ्यांत थेंब सोडायचे, दातांना फ्लोराइड लावायचं. कानाखाली गाठ वाढली तर लगेच यायचं, कारण या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे याच लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरचा, धोका वाढतो. काकूंचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"म्हंजे भावाच्या टायमाला..."

"डोळ्यांत पाणीच नव्हतं, काकू. येणार कुठून?"

बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसल्या.

"मॅडम, ह्याची एक झेरॉक्स द्या की. भावजयीला दावायची हाय."