मर्सेन नोंदवही ३: पाच हजारांखालचे घातांक संपले

२^पी − १ ही संख्या मूळ आहे का हे ठरवणाऱ्या लूकास-लेमर चाचणीतून पाच हजारांखालचे सगळे मूळ घातांक (पी) काढून झाले. मर्सेन मूळ संख्या, म्हणजे २^पी − १ या रूपातल्या मूळ संख्या, २० निघायला हव्यात. पहिल्या फेरीत १९ निघाल्या. हरवलेला घातांक २. ही चाचणी विषम घातांकांनाच लागू आहे. घातांक २ असला की पायऱ्या शून्य, ४ ला ३ ने भागून बाकी १, आणि ३ ही संख्या संयुक्त ठरते! तो घातांक यादीत हातानेच घालायचा.

चाचणीची रीत अशी: ४ पासून सुरुवात, दर पायरीला वर्ग करून २ वजा, मग २^पी − १ ने भागून बाकी. (पी − २) पायऱ्यांनी बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. पी = ७ ला ४, १४, ६७, ४२, १११, ०. पी = ११ ला नवव्या पायरीला १७३६ उरतात, कारण २०४७ = २३ × ८९. संयुक्त संख्यांच्या अशा बाक्याही जपून ठेवा. चुकीचा प्रोग्रॅमसुद्धा 'शून्य नाही' हे उत्तर बिनदिक्कत देतो; बाकी जुळवली तरच चूक सापडते.

खरी गंमत भागाकारात आहे, कारण तो करावाच लागत नाही. वर्गातून २ वजा करून आलेल्या संख्येचे खालचे पी बिट (द्विमान पद्धतीतले अंक) आणि वरचे उरलेले बिट यांची बेरीज करायची. बेरीज पी बिटांत मावली नाही तर पुन्हा तेच. पण पी = ७ ची शेवटची पायरी नीट बघा: १११² − २ = १२३१९ = ९६ × १२८ + ३१, आणि ९६ + ३१ = १२७. शून्य नाही, १२७! धन संख्येची अशी घडी घातली की शून्य कधीच येत नाही, सगळे बिट १ येतात. त्याला शून्य मानणारी ओळ राहिली तर एकही मूळ संख्या सापडणार नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत कंसही विसरू नका. तिथे बेरीज 'अँड'च्या (&, खालचे बिट निवडणारी क्रिया) आधी होते.

वेगाचं म्हणाल तर मोठ्या संख्यांसाठी पायथॉनचा स्वतःचा गुणाकार कारात्सुबा पद्धतीचा आहे, म्हणजे शाळेतल्या रीतीपेक्षा कमी गुणाकारांत होणारा. घातांक दुप्पट केला की वर्गाला तिप्पट वेळ, पायऱ्या दुप्पट, म्हणजे एकूण साधारण सहापट. फूरिए रूपांतर या गणिती तंत्रावरच्या, आणखी वेगवान गुणाकाराला एकूण चारपटीहून थोडा जास्त लागतो. पुढच्या टप्प्याआधी हा बदल करायलाच हवा.

चाचणीआधी २^पी − १ चे छोटे अवयव चाळून घ्या. पी विषम मूळ असेल तर प्रत्येक मूळ अवयव २ × के × पी + १ असाच असतो (के ही पूर्ण संख्या), आणि त्याला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च उरते. फ्रेंच गणिती मर्सेननं १६४४ मध्ये मूळ म्हटलेल्या २^६७ − १ चा अवयव १९३७०७७२१ इथे के = १४४५५८० ला भेटतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २^१३६२७९८४१ − १ या मर्सेन मूळ संख्येचे अंक मोजताना लॉग २ (१० पायाचा लॉगरिदम) साठी ०.३०१०३ घेतलं तर ४,१०,२४,३२१ येतात, एक जास्त. ०.३०१०२९९९५६६ घेतलं की ४१०२४३१९.९४५ मिळतात, म्हणून अंक ४,१०,२४,३२०. अपूर्णांकातल्या ०.९४५ वरून संख्येची सुरुवात ८८ ने होते हेही कळतं. शेवटचा अंक १, कारण घातांकाला ४ ने भागून बाकी १ राहते. बाकी ३ असती तर तो ७ असता.

पुढचा टप्पा, मर्सेन मूळ संख्या देणारे पुढचे घातांक: ९६८९, ९९४१, ११२१३.