सायन छटेचा माग

तीन संध्याकाळी मी एकाच रंगीत निगेटिव्हच्या प्रिंटवरची सायन (निळसर-हिरवी) छटा घालवण्यात खर्च केल्या. कागदाला नको तो प्रकाश लागल्याची शंका मी पहिल्याच दिवशी सोडून दिली होती, कारण प्रिंटची कड पांढरीशुभ्र होती आणि त्या कडेवर मी पूर्ण विश्वास ठेवला.

आरए-४ या रंगीत फोटोच्या कागदावर निगेटिव्हवरून प्रिंट काढताना जी छटा नकोशी असते, त्याच रंगाचा फिल्टर वाढवायचा असतो. सायन फिल्टर मात्र शून्यावरच ठेवतात, कारण सायन, पिवळा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) हे तिन्ही एकत्र लावले की प्रकाश नुसता कमी होतो. म्हणून सायन छटेवर पिवळा आणि मॅजेंटा सारख्याच मापाने उतरवतात. मी ५५ पिवळा व ६० मॅजेंटा होते ते दोन्ही दहाने खाली आणले. पांढरा शर्ट स्वच्छ झाला, पण काळे केस तांबूस दिसू लागले. उजळ भागात एक छटा आणि सावलीत दुसरी, म्हणजे हा क्रॉसओव्हरच, असे धरून डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) नवा केला, तापमान ३५ अंश व वेळ ४५ सेकंद काटेकोर पाळली. तरी फरक पडला नाही.

शेवटी कोऱ्या कागदाचे दोन तुकडे घेतले. एक पाकिटातून थेट रसायनांच्या ड्रममध्ये घातला; दुसरा ईझलवर (कागद धरून ठेवणाऱ्या चौकटीवर), एन्लार्जर (निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश टाकणारे यंत्र) बंद ठेवून, मधोमध एक नाणे ठेवून तीन मिनिटे अंधारात राहू दिला. पहिला पांढरा निघाला, म्हणजे रसायने निर्दोष होती. दुसऱ्यावर नाण्याएवढे पांढरे वर्तुळ आणि भोवती फिकट निळसर-हिरवा थर होता. टायमरचे लाल आकडे थेट ईझलवर पडत होते आणि कागदाच्या लाल प्रकाश टिपणाऱ्या थरातच सायन रंग तयार होतो. सावलीत मुळातच रंग दाट असल्याने ही भर तिथे लपते, उजळ भागात मात्र लगेच दिसते, आणि म्हणूनच तो क्रॉसओव्हर वाटला. कड तेवढी ईझलच्या पट्ट्यांखाली झाकलेली, त्यामुळे सुरक्षित राहिली होती!

आकड्यांवर काळी टेप लावून फिल्टर पुन्हा ५५ आणि ६० वर नेले. ओली प्रिंट निळसर भासते, म्हणून निवाडा पूर्ण वाळल्यावरच केला: केस काळे, शर्ट पांढरा, फक्त गालांवर किंचित मॅजेंटा. आता मॅजेंटा ६५ आणि त्याने प्रकाश घटतो म्हणून एक्स्पोजर ९ ऐवजी १० सेकंद ठेवून पुढची प्रिंट काढली आहे. ती अजून वाळते आहे.