महाविद्यालये आभासी जगात आणताना : माझा अनुभव

कोल्हापुरातील आम्ही काही मित्र ओपनसिम्युलेटर या मुक्त प्रणालीवर एक लहानसे आभासी जग चालवतो. त्यातील 256 मीटर लांब-रुंद जमिनीवर खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप आम्ही उभारला आहे. शैक्षणिक संस्थांनी या जगात येऊन शिकवावे, यासाठी केलेल्या खटपटीचा हा अनुभव.

सुरुवात प्राचार्यांपासून केली. आवक विभागात पत्र देऊन पोच घ्यायची, वेळ मागायची आणि प्रोजेक्टरवर सगळे दाखवायचे, हा क्रम ठरलेला होता. कौतुक सर्वत्र झाले, चहाही झाला; पण हे अभ्यासक्रमात कुठे बसते, या प्रश्नाशी गाडी अडे. मला तो प्रश्न रास्त वाटतो, कारण संस्थेला द्यावा लागतो तो वेळापत्रकातील तास, आणि तो आधीच कोणाच्या तरी नावावर असतो. म्हणून मी अभ्यासक्रमाच्या प्रती मिळवून वाचल्या आणि केबिनऐवजी स्टाफरूममध्ये जाऊ लागलो.

तिथे वास्तुकला शिकवणाऱ्या एका मॅडमनी स्वर्गमंडपाच्या छताचे गोल मोकळे तोंड पाहून विचारले, "यातला चंद्र हलवता येतो का?" त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या मोकळ्या जागेच्या वर आलेला पाहण्यासाठी खिद्रापुरात गर्दी होते, हे त्यांच्या मनात होते. चंद्र हलवता येतो, परंतु तो पंचांगाप्रमाणे चालत नाही, आपण सरकवू तिथे जातो, असे मी सांगितले. त्यांनी त्याचेच प्रात्यक्षिक केले : त्या रात्री चंद्र किती उंचीवर असेल हे विद्यार्थ्यांनी आधी गणिताने काढायचे, मग आभासी चंद्र तिथे आणून खालच्या वर्तुळाकार रंगशिळेवर उजेड कुठे पडतो ते नोंदवायचे. आमच्या सगळ्या सादरीकरणांनी जे साधले नव्हते, ते या एका तासाने साधले. एकाचा अवतार, म्हणजे त्या जगात वावरणारी त्याची आकृती, खांबात अडकली तेव्हा वर्ग खळखळून हसला, पण वह्या भरल्या.

लॅबमधील अडचणी मात्र कंटाळवाण्या होत्या. फायरस्टॉर्म हा व्ह्यूअर, म्हणजे आभासी जगात शिरण्याचे सॉफ्टवेअर, बसवण्यासाठी लागणारा पासवर्ड लॅब असिस्टंटकडे असतो, जुन्या संगणकांवर चित्र अडखळते आणि इंटरनेट सगळ्यांना एकाच वेळी पुरत नाही. सर्व्हरच लॅबमधील एका संगणकावर बसवून अंतर्गत नेटवर्कवर चालवल्याने शेवटची अडचण सुटली. बाहेरच्या ग्रिडकडे, म्हणजे इतरांच्या आभासी जगांकडे, जाणारे मार्ग आम्ही बंद ठेवले आणि प्रत्येकाचे खाते मॅडमनीच उघडले, त्यामुळे अनोळखी व्यक्ती वर्गात शिरण्याची धास्तीही उरली नाही.

सामंजस्य कराराच्या वेळी प्राचार्यांनी विचारले, "उद्या तुम्ही हे बंद केलेत तर?" ही शंका निराधार नव्हती. सेकंड लाइफ हे आभासी जग चालवणाऱ्या लिंडेन लॅब या कंपनीने शैक्षणिक संस्थांची सवलत काढून घेत असल्याचे 2010 मध्ये जाहीर केले, तेव्हा अनेक संस्थांनी तेथून मुक्काम हलवला. ती सवलत 2013 मध्ये परत आली. मोझिलाने हब्ज ही आभासी खोल्यांची आपली सेवा 2024 मध्ये बंद केली. यावर तोंडी आश्वासनाचा उपयोग नसतो. ओपनसिम्युलेटरमध्ये जमीन आणि तिच्यावरील सर्व बांधकाम ओएआर नावाच्या एकाच फाइलमध्ये उतरवता येते आणि दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा उभे करता येते. प्रत्येक सत्राअखेर ती फाइल संस्थेला द्यायची, असे कलम आम्ही करारात घातले. माझ्या मते सही झाली ती या कलमामुळे. आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना नॅक मूल्यांकनाच्या फाइलसाठी फोटो आणि हजेरीपत्रके मिळाली, हा भाग वेगळा.

दुसरे महाविद्यालय आमच्या पत्रामुळे नव्हे, तर त्या मॅडमच्या फोनमुळे आले. त्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला पन्हाळ्याचा अंबरखाना, म्हणजे गडावरील धान्यकोठार, हवा आहे. गडावर जाऊन नोंदी आणि छायाचित्रे विद्यार्थीच घेणार आहेत व बांधकामही तेच करणार आहेत. आम्ही फक्त मोकळी जमीन देणार आहोत.