मावशींचा डावा गुडघा झाला, उजव्याचं काय?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कराडच्या आसपासच्या गावांत घरी जाऊन उपचार करते आणि माझे निम्मे तरी पेशंट गुडघा बदललेले असतात. ऑपरेशन पुण्यात नाहीतर कोल्हापुरात होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस घरी येतो आणि मग मला फोन येतो. डिस्चार्ज कार्डावर रक्त पातळ ठेवायची गोळी, टाके काढायची तारीख, सगळं नीट लिहिलेलं असतं. शेवटी एकच ओळ: 'फिजिओथेरपी चालू ठेवणे.' कोणती, किती दिवस, गुडघा कधीपर्यंत किती वाकला पाहिजे, यातलं काही नसतं. ज्या तीन महिन्यांवर ऑपरेशनचं यश ठरतं त्यांना एका ओळीत गुंडाळतात, याचा मला मनापासून राग येतो.

मावशी पासष्टीच्या. कृष्णाकाठचं गाव, थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा पुण्यात नोकरीला. दिवाळीत आलेल्या धाकट्याने आईला जिना उतरताना कण्हताना पाहिलं आणि पुण्याला नेऊन एक्स-रे काढला. झिजेची चौथी ग्रेड, म्हणजे शेवटची. डाव्या गुडघ्यात आतल्या बाजूला हाडाला हाड लागलेलं. इम्प्लांटच्या किमतीला सरकारने २०१७ साली मर्यादा घातली, साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये, तेव्हापासून पैशाचं भय थोडं कमी झालंय. पण खोली, थिएटर, भूल धरून बिल लाखांतच जातं. ते धाकट्याने एकट्याने भरलं. आईसाठी जीव टाकणारा मुलगा आहे, यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी वॉकर घेऊन चालतानाचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचला होता. असा व्हिडिओ मला जवळजवळ प्रत्येक घरी दाखवतात. त्या वेळी पाय बधिर ठेवणारा भुलीचा ब्लॉक आणि शिरेतली औषधं काम करत असतात. खरं दुखणं घरी आल्यावर सुरू होतं आणि मग घरचे घाबरतात, काहीतरी बिघडलं म्हणतात. मावशींच्या घरीही तेच झालं. सुनेने मायेपोटी गुडघ्याखाली उशी दिली. सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की आतला दाब कमी होतो, बरं वाटतं, आणि त्याच स्थितीत तो आखडायला लागतो. मी उशी काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, म्हणजे गुडघा अधांतरी राहून स्वतःच्या वजनाने सरळ होतो. दुसऱ्या दिवशी जावं तर उशी परत गुडघ्याखाली.

बाहेरच्यांना वाटतं की गुडघा वाकला की झालं. आधी तो पूर्ण सरळ व्हावा लागतो. सरळ न होणाऱ्या पायावर उभं राहायचं तर मांडीचा पुढचा स्नायू सारखा ताणलेला राहतो, दहा पावलांत दमतो, आणि माणूस लंगडतो तो लंगडतोच. वाकण्याचा हिशोब वेगळा आहे. सपाट चालायला ६०-६५ अंश पुरतात, जिन्याला आणि खुर्चीतून उठायला नव्वदच्या पुढे लागतात, मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला १३० तरी हवेत. तिथवर बहुतेक बदललेले गुडघे जात नाहीत आणि गेले तरी बहुतेक सर्जन तसं बसू नका म्हणतात. हे ऑपरेशनच्या आधी पेशंटला सांगितलेलं असतंच असं नाही. मावशींना कुणी सांगितलं नव्हतं.

पाच आठवडे होत आले तेव्हाची ही गोष्ट. मी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, लावला: मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर, एक पट्टी खुब्याच्या दिशेने, दुसरी घोट्याकडे. वाकणं ६८ अंश. सरळ व्हायला १५ अंश कमी. आकड्यापेक्षा शेवटाला हाताला काय लागतं ते मी जास्त मानते. नुसती सूज असेल तर गुडघा दाबल्यावर थोडा देतो आणि परत येतो. आत चिकटलेला गुडघा एका जागी थांबतो, पुढे जातच नाही. मावशींचा थांबत होता. वाटीही बोटांनी कडेकडेला सरकत नव्हती. सर्जनांनी फोनवर सांगितलं होतं की सहा आठवड्यांत नव्वद झाले नाहीत तर घेऊन या, भूल देऊन वाकवू.

मी पायाला हात घातला तशा मावशींनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नगंस आता."

"मावशी, दुखतंय ना? थोडं थांबून करू."

"दुखण्याचं न्हाय गं पोरी. तू रोज येतीस, वाकवतीस. वाकवून करू काय?"

मला वाटलं त्या वैतागल्यात. मी जिना, देऊळ, बाथरूम असं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हस इकली. आता गुडघा वाकवून कुनापुढं बसू?"

सून दारात उभी होती, तिने पदर डोळ्याला लावला. मग एकेक कळलं. म्हैस मावशींची होती. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला पान्हा सोडायची नाही. ऑपरेशननंतर सुनेने आणि थोरल्याने आळीपाळीने बघितलं, पण दूध कमी कमी होत गेलं, डेअरीचा पगार निम्म्यावर आला आणि आठवड्यापूर्वी व्यापाऱ्याला बोलावून दावं सोडलं. पहाटे धारा काढणं, दूध घालून येणं, डेअरीच्या वहीतले स्वतःच्या नावचे पैसे, हा मावशींचा दिवस होता. गुडघा तेव्हाही दुखायचा. रात्री ठणकायचा. तरी त्या उकिडव्या बसून दोन्ही वेळच्या धारा काढत होत्या.

"येक्स-रे दावला आन् समद्यांनी ठरिवलं," त्या म्हणाल्या. "मला कुनी इचारलं?"

त्या दिवशी मी व्यायाम घेतला नाही. टाचेखाली गुंडाळी ठेवली, बर्फ लावला आणि बसून राहिले.

नंतरचं थोडक्यात. सातव्या आठवड्यात भूल देऊन गुडघा वाकवला, टेबलावर ११५ पर्यंत गेला. त्याच संध्याकाळपासून व्यायाम सुरू, आणि या खेपेला मावशींनी दात-ओठ खाऊन केला. आता १०२ वर स्थिर आहे, सरळही जवळजवळ पूर्ण होतो. सर्जनांचं काम उत्तम आहे. एक्स-रेत सांधा अगदी नेमका बसलाय. मावशी काठीशिवाय देवळापर्यंत जातात. रात्री झोप लागते, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. कागदावर ही यशस्वी केस आहे.

मग मला चैन का पडत नाही? एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. तितकाच वाईट एक्स-रे असलेले एक निवृत्त एसटी कंडक्टर माझ्याकडे नुसत्या मांडीच्या व्यायामावर आणि वजन उतरवून मजेत आहेत. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो, आणि हा उपाय तेल-मलमापेक्षा कितीतरी खरा आहे. दुसरीकडे, भीतीने दहा वर्षं ऑपरेशन पुढे ढकललेल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. पाय धनुकलीसारखे वाकलेले, मांडीचा स्नायू पार वाळलेला. ऑपरेशन झालं, पण ताकद शेवटपर्यंत पुरती परत आली नाही. म्हणून 'ऑपरेशन नकोच' म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी अजिबात नाही. सांधा टिकत नाही हेही खरं नाही: २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात शंभरातले सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही जागेवर होते. तरीही पाचातला साधारण एक पेशंट समाधानी नसतो, असं निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा आलंय. त्या पाचव्या माणसाला या गुडघ्यावर काय करायचं होतं, ते आधी कुणी विचारलं होतं का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

आता धाकट्याला उजवाही करायचाय, पावसाळ्यापूर्वी. शेजारचे आजोबा त्याच्या बाजूने: "वाजपेयींचं सुदिक दोन्ही झालतं की!" खरं आहे, मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलात डॉ. राणावतांनी केले होते. पण डावा २००० च्या ऑक्टोबरात आणि उजवा पुढच्या वर्षी जूनमध्ये. मध्ये आठ महिने गेले होते.

सध्या मी उजव्या पायाच्या मांडीचे व्यायाम घेतेय. पुढे ऑपरेशन झालं तरी ती ताकद कामाला येईल, न झालं तरी येईल. साखर थोडी वाढलेली आहे, ती आधी आटोक्यात आणायची आहे. आणि मावशींनी मला विचारलंय की उंच स्टुलावर बसून धार काढता येईल का. रिकाम्या गोठ्यात आम्ही ते करून पाहिलं. सोळा इंची स्टुलावरून त्या हाताचा आधार न घेता उठतात, कमरेतून पुढे वाकून हातही कासेच्या उंचीला पोचतो. पण म्हैस अंगावर आली तर पटकन उठून बाजूला व्हायला हवं आणि तेवढा वेग अजून पायात नाही. म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही.

उजव्याची तारीख धरायच्या आधी सर्जनांशी बोलणं मावशींच्या समोर व्हावं, त्यांनी गोठ्याचं स्वतःच्या तोंडाने विचारावं, आणि मीही तिथे असेन, असं मी धाकट्याला कळवलंय. "ती नकोच म्हणेल," असं तो म्हणाला. मी म्हटलं, म्हणाल्या तर तेही सर्जनांना ऐकू दे. जरा वेळाने त्याने येत्या शनिवारची वेळ घेतल्याचा मेसेज पाठवला.