हत्तीच्या एंडगेममधला राजा

नाशिकमध्ये बुद्धिबळाचा क्लास म्हटलं की पोरांच्या तोंडी विदितचं नाव असणारच. २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) नाशिकच्याच विदित गुजराथीने अमेरिकेच्या नाकामुराला दोनदा हरवलं, त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. साहजिकच सगळ्यांना ओपनिंगच्या लाइन्स, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करायच्या असतात. मी मात्र हट्टाने एंडगेम, म्हणजे मोजकीच मोहरी उरलेला डावाचा शेवट, शिकवतो, आणि एंडगेम म्हटलं की क्युबाचा जगज्जेता कापाब्लांका.

परवा गंगापूर रोडच्या क्लासमध्ये डेमो बोर्डवर त्याचा न्यूयॉर्क, १९२४ चा टार्टाकोव्हरविरुद्धचा डाव लावला होता. दोघांकडे एकेक हत्ती आणि प्यादी. पांढऱ्याचा हत्ती सातव्या पट्टीवर घुसलेला, पण काळ्याचा हत्ती सी-३ च्या (सी या उभ्या पट्टीतलं तिसरं घर) प्याद्यावर टपलेला. "पांढऱ्याची चाल. काय खेळाल?" बहुतेक सगळे प्यादं वाचवायला धावले. मागच्या बाकावरची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी उठली आणि राजा जी-३ वर नेऊन ठेवला.

"अगं, प्यादं शहासकट जातंय!" पोरं ओरडली.

"जाऊ दे. राजा आत जाईल."

कापाब्लांकाची चाल हीच. पुढे राजा एच-४, मग प्यादं जी-६ वर, आणि एफ-४ चं प्यादंही शहासकट गेलं. दोन प्यादी देऊन राजा जी-५ वर पोचला. आता एफ-५ चं काळं प्यादं समोर फुकट पडलेलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "घ्या!" तिने हात मागे घेतला, थोडा वेळ पट बघितला आणि राजा एफ-६ वर ठेवला. "ते प्यादं राहू दे. त्याच्या आडोशामुळे एफ पट्टीवरून शह बसणार नाही. आणि आता हत्ती आठव्या पट्टीवर गेला की मात."

माझ्या अंगावर काटा आला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कापाब्लांकाचा खेळ 'सोपा' म्हणतात, ते मला कधीच पटलेलं नाही. १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षं तो एकही डाव हरला नाही, १९२१ मध्ये हवानात लास्करकडून जगज्जेतेपद घेतलं तेही एकही डाव न गमावता. हे सोपेपणाने होत नाही. कुठलं प्यादं सोडायचं हे ज्याला कळतं, त्याचाच खेळ असा सरळ दिसतो. बुद्धिबळाचं इंजिन (संगणक प्रोग्राम) चाल दाखवतं, पण ती कशासाठी हे समजायला असे डाव हाताने खेळूनच बघावे लागतात.

क्लास सुटल्यावर ती थांबली. "सर, मग कापाब्लांका हरले कधी?"

त्याच न्यूयॉर्कच्या स्पर्धेत, रेटीकडून, मी सांगितलं. आणि १९२७ मध्ये ब्युनॉस आयर्सला आलेखिनने जगज्जेतेपदच काढून घेतलं. रेटीचा डाव पुढच्या रविवारी लावणार आहे. काळ्याकडून, म्हणजे कापाब्लांकाच्या जागी, तिलाच बसवणार.