हो चालेल, या

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. माझी मालवाहू पिकअप खाली उभी आहे, दोनदा खिडकीतून बघून झालं, उगाच.

झालं काय म्हणाल तर काहीच नाही. परवा भोसरीतून एकाचा फोन, कोल्हापूरला शिरोलीत फाउंड्रीवर पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, पोचवायचेत, सातशे-आठशे किलो भरतील, किती घेणार. मी म्हटलं साडेसहा हजार. तो म्हणाला, "हो चालेल, या."

बस, एवढंच. 'जरा बघा की' नाही, 'अहो दुसरा पाचात जातोय' नाही, माझं हजार तोंडातून धड बाहेर यायच्या आत चालेल. फोन ठेवला आणि पोटात खड्डा पडला.

मग बसलो हिशोब करत, जो आधी करायचा असतो. जाऊन-येऊन पावणेपाचशे किलोमीटर, पिकअप लिटरला बारा देते, म्हणजे 40 लिटर, नव्वदच्या भावानं 3,600. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, चार टोल दोन्हीकडचे धरून हजाराच्या आसपास. चहा-जेवण 300. उरले 1,600, दोन दिवसांचे. टायर, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग कशातच धरलेलं नाही. पाच तारखेला 17,200 चा हप्ता.

स्टँडवर अण्णांना सांगितलं तर ते तंबाखू मळायचे थांबले. "साडेआठाच्या खाली कोण उतरतंय कोल्हापूरला? भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक कळवळलं पाहिजे रे. नाही कळवळलं तर समजायचं आपलं चुकलं." मी हसलो. हसण्यासारखं नव्हतं.

पण दोन हजार गेले म्हणून झोप उडावी एवढा काही मी हा नाही. खरं दुखणं वेगळंय, आणि ते खंबाटकी चढताना, पुढच्या उसाच्या ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर गुरगुरत असताना लक्षात आलं. तो 'चालेल' माझ्या ओळखीचा होता. तो माझाच होता.

सात वर्षं कंपनीत डिस्पॅचला बसून, मालाच्या गाड्या ठरवत, दुसरं काय केलं मी? चाकणहून नाशिकची गाडी, कंपनीची मंजुरी साडेपाच हजारांची हातात, आणि समोर एक नवीन पोरगा, चौकड्याचा शर्ट, म्हणाला चार हजार साहेब. मी लगेच चालेल म्हटलं. वर न बघता गेटपास फाडायला घेतला, कारण मध्ये दोन सेकंद जरी गेले तरी समोरचा विचार करायला लागतो, हे आपल्याला पक्कं माहीत. त्याने जाताना थँक्यू म्हटलं होतं. संध्याकाळी मी ते सगळ्यांना रंगवून सांगितलं आणि सगळ्यांनी चहा मागवला. मीही प्यायलो.

त्या पोराचा चेहरा आठवत नाही, शर्ट आठवतो. त्याने घाट चढताना हिशोब केला असेल का? असेलच.

नोकरी का सोडली ते परत नको. बाबा अजून गाडीत बसलेले नाहीत. नारळ फोडला त्या दिवशीही लांबूनच... जाऊ दे.

माल भरताना मात्र जुनी खोड गेली नाही. किंमत लाखाच्या वर म्हणून माल न्यायचं ई-वे बिल होतं, त्यात गाडीचा नंबर आधी बघितला, एक आकडा चुकलेला, तो दुरुस्त करायला लावला. पॅटर्नखाली जुनी गादी टाकली, मध्ये गोणपाट, वरून ताडपत्री, दोरी दोनदा ओढली. लाकडी पॅटर्नचा कोपरा उडाला तर पुढचं सगळं कास्टिंग त्या कोपऱ्यावाचून निघणार आणि ते मग माझ्या भाड्यातून कापणार. भरणारा पोरगा म्हणाला, तुम्ही डायव्हर वाटत नाही. हे कौतुक की काय ते कळलं नाही.

फाउंड्रीवर अकराला पोचलो. "वाईच थांबा की, भट्टी चालू हाय." चार वाजले. पाच तास गेटबाहेर. हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या जादा पैशांचं, बोलणंच झालेलं नव्हतं, बोलणार कधी, चालेल म्हटल्यावर? मी डिस्पॅचला असताना बाहेर उभ्या गाड्या खिडकीतून दिसायच्या. एसी होता तिथे. एवढंच लिहितो.

परतीला एका दलालाकडून कास्टिंग मिळत होतं पण अडीच टन भर म्हणाला. माझी 1.7 टनवाली. "सगळे भरतात," म्हणे. सगळ्यांचे स्प्रिंगचे पाटे मोडले तर सगळे मिळून देणारेत का पैसे? मित्र म्हणत होता छोटा हत्ती घे, एकूण वजन तीन टनांच्या आत राहतं, परमिटची भानगड नाही. मला दणकट गाडी पाहिजे होती. आता दणकट गाडी घेऊन मी रिकामा निघणार होतो. रिकामी पिकअप हायवेवर काय आवाज करते ते चालवणाऱ्यालाच माहीत, फाळक्याची साखळी टण टण टण, प्रत्येक खड्ड्याला कुणीतरी मागून हसतंय असं वाटतं.

शेवटी मार्केट यार्डात रात्री नऊला गूळ मिळाला, पुण्याला गुलटेकडीला, 2,800. नाही म्हटलं तरी कमीच होते, पण मी लगेच "हो चालेल" म्हटलं! अर्ध्या सेकंदात! तो व्यापारी क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला, बहुतेक त्यालाही वाटलं असणार, अरे, आपण जास्त सांगितले की काय. त्या बघण्यावर मी कराडपर्यंत हसत होतो. म्हणजे दोन दिवसांत तेवढीच वसुली.

आज सीएकडे गेलो होतो. तो म्हणाला तुमच्यासारख्यांना अंदाजे उत्पन्नावर कर भरायची सोय आहे, हिशोबाच्या वह्या नकोत, सरकार एका छोट्या गाडीमागे महिन्याला 7,500 उत्पन्न धरतं. मी विचारलं, आणि तेवढे नाही झाले तर? तो हसला, मी पण हसलो, फी 1,500.

घरी येऊन हौदा धुवायला घेतला तर मुंग्या. गुळाचा पाक कुठल्यातरी ढेपेतून पाझरून पत्र्याच्या सांध्यात बसलाय आणि डाव्या फाळक्यावरून खाली पार टायरपर्यंत रांग. आधी चिडलो. मग पाइप तसाच हातात धरून बघत बसलो. एक मुंगी आपल्यापेक्षा मोठा खडा ओढत होती, ओव्हरलोड, साफ ओव्हरलोड, दर दोन इंचांवर थांबत होती. हिला कुणी पकडत नाही. पाणी उद्या मारू म्हटलं. आई वरून ओरडली, पाणी चालू ठेवून काय बघतोयस. काय सांगणार.

मघाशी त्याच भोसरीवाल्याचा फोन. मंगळवारी परत जायचंय, "तेवढ्यातच ना?" मी बघून सांगतो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर हात गार. सकाळी साडेआठ सांगायचे आणि अडीच तासांपुढे हॉल्टिंग वेगळं, असं ठरवलंय. बाथरूमच्या आरशासमोर म्हणूनही बघितलं दोनदा. पहिल्यांदा साडेआठ नीट निघालं. दुसऱ्यांदा आठ झाले.