तुमची मुलं धर्म शिकतात कुठे?

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आणि घरी मराठीच बोलतो, एवढं कळलं की पुढचा प्रश्न हमखास येतो: "मग मुलांना हिब्रू, प्रार्थना वगैरे कोण शिकवतं? तुमची वेगळी शाळा असते का?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

शाळा होती. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. तिथे इतर विषयांबरोबर हिब्रूही शिकवत. पुढे बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. शाळा आजही आहे, पण मुलं बहुतेक सगळी इतर समाजांतली.

आता उरलं घर आणि सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर. आमच्यात परंपरेने रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नाहीत, प्रार्थना चालवतो तो हजान. मोठ्या मुलांना तो शिकवतो, आणि लहानग्यांना अक्षरओळख करून देणारे माझ्यासारखे हौशी. खरी सुरुवात मात्र शुक्रवारी संध्याकाळी घरीच होते, तेव्हा शब्बाथ लागतो, म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंतचा आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या स्वागताच्या आशीर्वादाचं, शरबत करायचं असतं. ते काम मी मुलांवरच सोपवते. हात चिकट असतानाच आशीर्वादाचे शब्द तोंडात बसतात.

मुलगा तेराचा झाला की बार मिट्झवा, म्हणजे धर्माच्या दृष्टीने तो मोठा झाल्याचा सोहळा. त्या दिवशी तो सेफरमधून, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोरा या आमच्या धर्मग्रंथातून वाचतो. सेफरमध्ये स्वरचिन्हं नसतात, चालीच्या खुणाही नसतात. काना, मात्रा, वेलांटी काढून टाकलेलं मराठी पान गाऊन वाचायचं, असं समजा. छापील पुस्तकात सगळ्या खुणा असतात, त्यावरून कित्येक महिने घोकायचं आणि मग सेफरपुढे उभं राहायचं. चर्मपत्राला बोट लावायचं नाही, म्हणून हातात चांदीची दर्शनी कांडी. एखादा शब्द चुकला तर आजूबाजूचे तिथल्या तिथे, मोठ्याने दुरुस्त करतात आणि मुलगा तो शब्द पुन्हा म्हणतो. यात कुणी कुणाचा अपमान करत नाही, वाचन शुद्ध व्हायलाच हवं.

आणि त्या दिवसापासून तो मोजला जातो. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. मोठ्या समाजात हे कुणाच्या लक्षातही येत नसेल. आमच्याकडे नऊ जण जमून दाराकडे बघत बसतात, तेव्हा आठवीतला मुलगा आत आला की प्रार्थना सुरू होते. त्याच्यावाचून अडतं, हे त्याला कळलेलं असतं. मुलींची बात मिट्झवा बाराव्या वर्षी. आमच्या सिनेगॉगमध्ये त्या दहांत धरल्या जात नाहीत, तरी मी त्यांना वाचन तेवढंच कसून शिकवते.

माझी तक्रार पुढच्या वर्षांबद्दल आहे. शब्बाथ शनिवारी, आणि क्लास, चाचण्या, प्रॅक्टिकल सगळं शनिवारीच. नववी-दहावीला मुलं येईनाशी होतात. तेराव्या वर्षी पाठ केलं ते पंधराव्या वर्षी समजू लागतं. देवाने अब्राहामाकडे बळी म्हणून त्याचा मुलगाच का मागितला, हे विचारण्याचं वय ते! नेमकं तेव्हाच शिक्षण थांबवणं मला पटत नाही. अशा प्रश्नांवर मी मराठीतच बोलते. आमच्या पूर्वजांनीही तेच केलं: १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी असलेली हगादा, म्हणजे पेसाह या सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली, अब्राहाम-योसेफाच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. अस्खलित वाचन थोडं कमी झालं तरी चालेल, पण मुलांनी अर्थाशी झगडायला हवं.

म्हणून आईबापांना सांगते, दहावीच्या वर्षीही आठवड्याचा एक तास सोडू नका. क्लासचं वेळापत्रक घेऊन या, त्याप्रमाणे आपण वेळ बदलू. रविवारी सकाळी, रात्री जेवणानंतर, कधीही.